फळीवरचे कोरेगाव

गेल्या पावसाळ्यापासून आमच्या घरात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला पहिली सूचना मिळते ती अशी, की "जरा जपून, खाटेखाली कोरेगाव आहे!" चार फूट लांब आणि तीन फूट रुंद अशा प्लायवूडच्या फळीवर आम्ही १ जानेवारी १८१८ ची लढाई मांडली आहे. फळीवर भीमा नदी आहे, मातीचे गावकूस आहे, बारा घरे आहेत, दोन तोफा आहेत आणि बोटाच्या पेराएवढे १४५ शिपाई आहेत. दिवसभर कचेरीत आवक-जावक आणि खतावणी सांभाळणाऱ्या, संध्याकाळी मंडळाच्या बैठकीला धावणाऱ्या माणसाला हा पोरखेळ कुणी शिकवला, असे अनेकांनी विचारले. विचारणाऱ्यांत आमच्या मंडळीही होत्या. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या ओळखीच्या रद्दीवाल्याकडे वह्या-पुस्तके चाळत बसण्याची आम्हाला जुनी खोड आहे. तेथे एक इंग्रजी मासिक हाती लागले. त्यात टेबलावर मांडलेल्या लढायांचे रंगीत फोटो होते. टेकड्या, झाडे, पूल, घोडेस्वार, सगळे हातभर जागेत. आमच्या पुतण्याला ती दिवाळीतल्या मातीच्या किल्ल्याची थोरली बहीण वाटली, आणि ते काही खोटे नाही. फरक इतकाच, की विलायतेत, जर्मनीत, अमेरिकेत हा उद्योग पन्नाशी-साठीची माणसे करतात, आणि शिपायाच्या कोटाला बटणे किती, यावर महिना-महिना वाद घालतात. याला ते वॉरगेम म्हणतात. नुसते मांडून ठेवले तर तो देखावा. नियमाने, फासे टाकून, इंच मोजत शिपाई पुढे सरकवले तर खेळ.

याचे मूळ शोधू गेले तर ते आपल्याकडच्या चतुरंगापर्यंत जाते. परंतु आजच्या स्वरूपाचा खेळ प्रशियात, म्हणजे आताच्या जर्मनीच्या मुलखात तयार झाला. राइसवित्झ नावाच्या एका मुलकी अधिकाऱ्याने १८१२ साली राजासाठी एक टेबल बनवून दिले. त्यावर डोंगर-नद्यांचे चौकोनी तुकडे हवे तसे जुळवता येत. पुढे १८२४ साली त्याच्या मुलाने, जो तोफखान्यात लेफ्टनंट होता, नकाशावर खेळण्याचे नियम छापले. सेनाप्रमुख म्युफ्लिंग यांनी तो पाहिला आणि हा खेळ नसून युद्धाचे शिक्षण आहे, असा अभिप्राय दिला. तेव्हापासून प्रशियाच्या अधिकाऱ्यांना तो शिकवला जाऊ लागला. पोराटोरांच्या आणि हौशी माणसांच्या घरात तो आणला इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी. १९१३ साली त्यांनी 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहिले. शिशाचे शिपाई जमिनीवर मांडायचे आणि स्प्रिंगच्या छोट्या तोफेने लाकडी काडी मारून ते पाडायचे, असा त्यांचा खेळ. १९५९ पासून एअरफिक्स कंपनीने डबीत भरून प्लॅस्टिकचे छोटे शिपाई विकायला सुरुवात केली आणि साध्या घरच्या मुलांनाही सैन्य बाळगता येऊ लागले. साधे घर म्हणजे अर्थात तिकडचे साधे! आजही धातूचे दोन-तीन चांगले शिपाई मागवायचे म्हटले, तर तेवढ्या पैशात आमच्या घरी रविवारचे मटण शिजते. त्यामुळे शिपाई विकत आणायचे नाहीत, हे पहिल्या दिवशीच ठरले.

या सगळ्या वाचनात आमचे लक्ष एका माणसावर खिळले. त्याचे नाव विल्यम सिबोर्न. हा इंग्रज सैन्यातला अधिकारी. १८१५ साली वॉटर्लू येथे नेपोलियनचा शेवटचा पराभव झाला. त्या लढाईचा भव्य देखावा करण्याचे काम १८३० साली सिबोर्नकडे आले. हा गृहस्थ रणभूमीवरच्या एका शेतघरात आठ महिने राहिला आणि त्याने इंच न् इंच जमीन मोजली. तोवर तेथे स्मारक म्हणून सिंहाचा पुतळा बसवलेली प्रचंड टेकडी उभी राहिली होती आणि तिच्यासाठी रणभूमीचीच माती खरवडून नेली होती! म्हणजे स्मारक झाले आणि जागा बदलली. लढाईत जिवंत राहिलेल्या अधिकाऱ्यांना त्याने पत्रे पाठवली. संध्याकाळी सातच्या सुमारास तुम्ही कोठे उभे होता, समोर कोण होते, शेतात पीक कोणते होते, असे प्रश्न विचारले. शेकडो उत्तरे आली. १८३३ साली सरकारने पैसे थांबवले, तरी याने कर्ज काढून काम पुरे केले. १८३८ साली लंडनला देखावा मांडला तेव्हा त्यात सत्तर हजारांहून अधिक शिपाई होते. सुमारे चारशे चौरस फुटांचा पसारा. आमच्यासारख्यांच्या दोन-तीन खोल्या त्यात मावतील. तो देखावा आजही लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे.

आणि आता गंमत पाहा. सेनापती ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांना तो देखावा पसंत पडला नाही. कारण सिबोर्नने पुराव्याप्रमाणे प्रशियाचे सैन्य ठळक दाखवले होते. विजयात दुसऱ्याचा एवढा मोठा वाटा लोकांच्या डोळ्यांपुढे येणे ड्यूकसाहेबांना मानवणारे नव्हते. दडपण आले, आणि शेवटी सिबोर्नने प्रशियन शिपायांची मांडणी बदलली. एक सेंटिमीटरचे शिपाई ते! पण ते टेबलावर कोठे ठेवायचे, यावरून साम्राज्याचा सेनापती अस्वस्थ झाला. आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. सिबोर्नने पत्रे पाठवली ती अधिकाऱ्यांना. साधा शिपाई त्या संध्याकाळी कोठे उभा होता, हे शिपायाला कोणी विचारले नाही.

हे वाचले त्या रात्री आम्ही घरात जाहीर केले, की आपण कोरेगाव करायचे.

आमच्या वाचकांना कोरेगाव सांगावे लागत नाही. पण देखावा करायला बसले की भाषणातले कोरेगाव पुरत नाही. कोण कोठून आले, किती आले, नदी कोणत्या बाजूला, हे सगळे लागते. कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री शिरूरहून निघाली. रात्रभर चालून सकाळी दहाच्या सुमारास ती कोरेगावाजवळ पोचली आणि नदीपलीकडे दुसऱ्या बाजीरावाची अठ्ठावीस हजारांची फौज दिसली. त्यात वीस हजार घोडदळ होते. स्टॉन्टनकडे एकूण ८३४ माणसे. मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीच्या पहिल्या रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनचे सुमारे पाचशे शिपाई, सुमारे तीनशे घोडेस्वार आणि मद्रास तोफखान्याचे चोवीस गोरे व चार देशी गोलंदाज. सोबत सहा पौंडी दोन तोफा. ही मंडळी गावात शिरली आणि दुपारपासून रात्री नऊपर्यंत गल्लीबोळांतून लढली.

आम्ही दोन रविवार तेथे जाऊन आलो. पुण्याहून नगर रस्त्याने गेले की स्तंभ नदीच्या अलीकडे, पेरणे हद्दीत लागतो. गाव पूल ओलांडल्यावर. आपल्यापैकी पुष्कळजण स्तंभाला मानवंदना देऊन तेथूनच परततात, पूल ओलांडत नाहीत. आम्हीही इतकी वर्षे तेच केले होते. १ जानेवारी २०१८ रोजी द्विशताब्दीच्या दिवशी तेथे दगडफेक आणि जाळपोळ झाली. त्यानंतर त्या गावात मोजपट्टी घेऊन हिंडणे शहाणपणाचे नाही, असे मंडळींचे मत पडले. म्हणून पट्टी पिशवीतच ठेवली आणि पावले मोजली. एका चहावाल्याने विचारले, "जागा बघताय का?" आम्ही म्हटले, "हो, पण दोनशे वर्षांपूर्वीची." तो हसला आणि जुन्या गावकुसाचा अंदाज त्यानेच हात करून दाखवला.

आता प्रमाणाचा हिशेब. येथे आमची बी.कॉम. कामाला आली. वॉरगेमवाल्यांचे एक आवडते प्रमाण बहात्तरास एक असे आहे. पाच फूट पाच इंचांचा माणूस भागिले बहात्तर, म्हणजे तेवीस मिलिमीटरचा शिपाई. ठीक. पण त्याच प्रमाणात जमीन धरली, तर चार फुटांच्या फळीवर फक्त २८८ फूट मावतात. आमच्या वस्तीतला बोळसुद्धा याहून लांब आहे! यावर तिकडच्या लोकांनी तोड काढली आहे. शिपायाचे प्रमाण एक आणि जमिनीचे वेगळे. एक घर म्हणजे दहा घरे समजायची. त्याचप्रमाणे एक शिपाई म्हणजे एक माणूस नसतो. कोठे वीस माणसांमागे एक, कोठे तीस, कोठे पन्नास. आम्ही वीस धरले. पाचशे पायदळ म्हणजे २५ शिपाई. तीनशे स्वार म्हणजे १५. गोलंदाज अठ्ठावीस, म्हणजे जेमतेम दीड माणूस. पण दोन तोफांपाशी दीड माणूस कसा उभा करणार? म्हणून तेथे चार ठेवले आणि ताळेबंदात तफावत मान्य केली. बाजीरावाच्या अठ्ठावीस हजारांचे होतात १४००. घर भरले असते! पण प्रत्यक्ष हल्ल्यात उतरले ते सुमारे दोन हजार. अरब, गोसावी आणि इतर पायदळ, तीन तुकड्यांतून. त्यांचे झाले १००. उरलेली फौज आम्ही मागच्या पुठ्ठ्यावर रंगाच्या ठिपक्यांनी दाखवली. १८२२ साली पॅरिसमध्ये रंगवलेल्या पडद्यांवर उजेड पाडून देखावे दाखवणारे एक थिएटर निघाले होते, त्याचे नावच डायोरामा होते. तेव्हा पडदा वापरणे म्हणजे काही लबाडी नव्हे.

खरा वाद पुढे झाला. आमच्या मंडळाचे एक जुने कार्यकर्ते घरी आले. फळी पाहून खूश झाले. मग म्हणाले, "दादा, हे पंचवीसच्या पंचवीस आपले ना?" आम्ही म्हटले, स्तंभावरची नावे वाचू या. कंपनीच्या सैन्यातल्या ज्या मृतांची नावे तेथे कोरली आहेत ती ४९ आहेत. त्यांपैकी शेवटी 'नाक' असलेली, म्हणजे महार शिपायांची समजली जाणारी, २२. बावीस भागिले एकोणपन्नास, शेकडा पंचेचाळीस. त्या हिशेबाने पंचविसांत अकरा. मुंबई सैन्यात महारांबरोबर मराठे, राजपूत, मुसलमान, बेने इस्रायली ज्यू असे सगळेच भरती होत. गृहस्थांचा चेहरा पडला. "तुम्ही आपलीच माणसं कमी करायला निघालात," असे ते म्हणाले, आणि चहा अर्धा ठेवून उठले. आम्हाला रात्रभर झोप आली नाही, हे कबूल केले पाहिजे. ज्यांच्या शौर्यावर वर्षानुवर्षे पडदा टाकला गेला, त्यांनीच आकडा खाली आणायचा काय? १८९० च्या दशकात इंग्रजांनी लष्करी भरतीतून महारांना वगळले. लढवय्या जातींच्या यादीत तुम्ही बसत नाही म्हणाले. तेव्हा आपल्या निवृत्त सैनिकांनी अर्ज केले ते पूर्वजांच्या सेवेच्या आधारावरच. त्या आधाराला हात लावायचा काय?

पण सकाळी आम्ही अकराच्या बाजूने ठाम झालो. वेलिंग्टनने जे केले ते आपण उलट्या बाजूने का करायचे? शिवाय शिपाई रंगवायला घेतले तेव्हा आपोआप एक गोष्ट दिसली. लाल कोट, छातीवर पांढऱ्या पट्ट्यांची फुली, खाली पांढरे, डोक्यावर उंच काळसर टोपी. पंचवीसही एकसारखे. अकरा कोणते, हे आम्हाला रंगवूनही सांगता येईना. ज्याची सावली गावात चालत नव्हती तो त्या कोटात इतरांच्या खांद्याला खांदा लावून उभा होता. बाबासाहेबांचे घराणे याच सैन्यातले, वडील सुभेदार. तो कोट अंगावर आल्याने घरात काय काय आले, शाळा आली, अक्षर आले, हे आपल्याला ठाऊक आहे. ते कार्यकर्ते पंधरा दिवसांनी पुन्हा आले. त्यांचे मत बदललेले नाही. मात्र तोफेची चाके त्यांनीच करून दिली, शर्टाच्या बटणांची.

आता कृतीविषयी थोडे, कारण कोणाच्या घरी पोरांना सुट्टीत काम हवे असेल तर उपयोग होईल. थर्माकोल आम्ही घेतला नाही. सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, आणि त्याच्या गोळ्या घरभर होतात. उंचवटे जुन्या पुठ्ठ्याचे थर चिकटवून केले. गावकूस आणि घरे कागदाच्या लगद्याची. लगदा आईने केला. रद्दी भिजवायची, कुटायची, त्यात मेथीचे पीठ घालायचे. पूर्वी बायका अशा लगद्याच्या टोपल्या करीत, मेथीमुळे त्यांना कीड लागत नसे. जमिनीवर पातळ फेविकॉल फासून वर चाळलेली माती टाकली. गवतासाठी वखारीतला लाकडाचा भुसा हिरव्या-पिवळ्या रंगात कालवून वाळवला. जानेवारीतले गवत आहे, पोपटी करू नये. नदी म्हणजे जुन्या तसबिरीची काच, खाली गढूळ हिरवा रंग दिलेला कागद. शिपायांचा सांगाडा भंगारातल्या टेलिफोन केबलच्या तांब्याच्या तारेचा. त्यावर एम-सील लावून अंग घडवायचे. ते तासाभरात घट्ट होते, म्हणून थोडेथोडेच मळावे आणि हात धुवावेत. बंदुका खराट्याच्या हिराच्या. रंग पोस्टर कलर, ब्रश शून्य नंबरचा, वरून वॉर्निशचा एक हात. घोडे मात्र जमेनात. त्यांना कुत्र्याचे रूप येई. शेवटी जत्रेत मिळणारी प्लॅस्टिकच्या प्राण्यांची पाच पाकिटे आणली. एका पाकिटात बारा प्राणी, त्यांत घोडे तीन. पंधरा घोडे मिळाले आणि पंचेचाळीस हत्ती, जिराफ, वाघ शिल्लक राहिले. ते शेजारच्या बालवाडीत दिले.

डोक्यासाठी आम्ही ज्वारीचे दाणे वापरले होते. आकार नेमका येतो, आणि या कल्पनेचे आम्हाला फार कौतुक वाटत होते. एका सकाळी खाट सरकवून पाहतो तो नऊ शिपाई डोक्याविना! उंदरांनी मेथीच्या भिंतीला तोंड लावले नव्हते, पण ज्वारी सोडली नव्हती. थोरली म्हणाली, "बाबा, पेशव्यांकडचं एकही डोकं गेलं नाही!" ते खरे होते, कारण त्यांच्या पागोट्यांना वॉर्निश आधी लावून झाले होते. मग मंडळींनी तुटलेल्या माळेचे मणी काढून दिले. आता सर्वांची डोकी काचेची आहेत.

देखाव्यात एकच क्षण धरता येतो. आम्ही दिवस मावळण्याच्या अगोदरची वेळ धरली. तोपर्यंत पायदळातले बरेच पडले होते. लढाईअखेर पाचशेंपैकी पन्नास ठार आणि एकशे पाच जखमी झाले, तर अठ्ठावीस गोलंदाजांतले बारा ठार आणि आठ जखमी. आमच्या पंचविसांत तिघे पडलेले आणि पाच जखमी आहेत. तोफेपाशी चारांत दोन आडवे, एक गुडघ्यावर. वॉरगेममध्ये मेलेला शिपाई उचलून डब्यात टाकतात, म्हणजे टेबल मोकळे राहते. आम्ही ते पटावरच ठेवले. पुतण्याला बाजीरावाची फौज पळताना हवी होती. पण त्या वेळी कोणीच पळत नव्हते. फौज रात्री मागे हटली, आणि स्टॉन्टनची तुकडीही दुसऱ्या रात्री जखमींना घेऊन शिरूरकडे परतली. घडले तसे मांडले.

बुद्धाचे नाव घेता आणि घरात युद्ध खेळता, असेही एका उपासिकाताईंनी सुनावले. त्यांचा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेला नाही. वेल्स यांनीच आपल्या पुस्तकाच्या शेवटी लिहून ठेवले आहे, की असा खेळ दोन-चार वेळा खेळलेल्या माणसाला खरे युद्ध किती मूर्खपणाचे आणि आवाक्याबाहेरचे असते ते कळते. पुढच्याच वर्षी, १९१४ साली, महायुद्ध सुरू झाले. ते खेळ न खेळलेल्यांनी सुरू केले असेही म्हणता येत नाही, कारण जर्मन अधिकारी याच खेळावर शिकलेले होते. तेव्हा वेल्सचे म्हणणे आम्हाला अर्धेच पटते. पण अशोकाने कलिंगच्या युद्धानंतर तेराव्या शिलालेखात एक लाख ठार आणि दीड लाख देशोधडीला लागले, असे आकडे स्वतः कोरून ठेवले. लढाई मोजून पाहण्यात पाप आहे असे त्यावरून तरी वाटत नाही. आमच्या घरी फासे टाकून हा खेळ एकदाही खेळलेला नाही. फक्त मांडला आहे.

मांडताना सर्वांत अवघड प्रश्न थोरलीने विचारला. आम्ही कॅप्टन स्टॉन्टनचा वेगळा शिपाई केला होता, तलवार उगारलेला. तिकडच्या रिवाजाप्रमाणे सेनापतीला स्वतंत्र बाहुली असते. ती म्हणाली, "बाबा, साहेब एकटा, तर त्याला एक पूर्ण बाहुली. आणि आपल्या वीस माणसांना मिळून एक?" आम्ही कारकून माणूस. हिशेबातली ही विषमता आमच्या नजरेतून सुटली होती. उत्तर सुचेना.

तेवढ्यात आई, जी लगदा कुटण्यापलीकडे या उद्योगात पडत नसे, फळीवर वाकली. तिला दिसते कमी. काचेवरून बोट फिरवत तिने विचारले, "ही नदी का? मंग दिसभर लढली ती मानसं, पानी कुठनं पीत हुती?" आम्ही सांगितले, की रात्रभर चालून आलेले, पोटात अन्न नाही, आणि नदी समोर असून पाण्यापर्यंत जाता येत नव्हते. अंधार पडल्यावर हल्ला सैल झाला तेव्हा पाणी मिळाले. आई बराच वेळ बोलली नाही. तिच्या लहानपणी गावात विहिरीवर वरून कोणी पाणी वाढील तेव्हा मिळे. ऊन डोक्यावर येईतो घागर घेऊन खाली बसायचे. ते ती आम्हाला फारसे सांगत नाही. मग म्हणाली, "लेका, पान्याकडं निघालेला एक तरी दाव."

बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी कोरेगावच्या स्तंभाला आले होते. त्यानंतर बरोबर अठ्ठ्याहत्तर दिवसांनी, २० मार्च १९२७ रोजी, त्यांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. या दोन तारखा आम्हाला पाठ होत्या, भाषणांतून कितीदा सांगितल्या होत्या. पण वजाबाकी आम्ही त्या रात्री प्रथमच केली.

दुसऱ्या दिवशी साहेबाची बाहुली काढली. तलवार उपटून काढली, कोट तोच ठेवला, गुडघे वाकवले आणि तो शिपाई गावकुसाच्या खिंडारातून काचेकडे सरपटत निघालेला असा बसवला. हातात निळ्या मण्याचा अर्धा तुकडा, म्हणजे लोटा. फळीवर एवढाच एक वीस माणसांचा नाही, एकट्याचा आहे. स्टॉन्टनचे नाव खालच्या पाटीवर लिहिले आहे, कारण सेनापती तो होता आणि ते लपवायचे कारण नाही. सरपटणारा शिपाई कोणत्याही दप्तरात नोंदलेला नाही, हेही त्याच पाटीवर लिहिले. सिबोर्नला नावे ठेवणाऱ्याने एवढे करणे भाग होते.

गेल्या महिन्यात रविवारी वंदनेनंतर फळी विहारात मांडली. टेम्पोचे भाडे मंडळाने दिले. निम्म्या लोकांनी पहिला प्रश्न विचारला, "यात स्तंभ कुठे आहे?" स्तंभाची पायाभरणी १८२१ सालची, १८१८ मध्ये तो कसा दाखवणार, हे आम्ही दिवसभरात किती वेळा सांगितले त्याची गणती नाही. शेवटी कोणीतरी भिंतीवर स्तंभाचा फोटो आणून लावला, तेव्हा सुटका झाली. म्हाताऱ्या बाया मात्र पाण्याकडे निघालेल्याला बरोबर ओळखत होत्या.

संध्याकाळी आवरताना मोजणी केली तर शिपाई भरले १४४. आमचे पंचवीस जागेवर, स्वार पंधरा जागेवर, नदीकाठचा जागेवर. एक अरब कमी. पुढच्या रविवारी एक ताई पाच वर्षांच्या मुलाला हाताला धरून घेऊन आल्या. अरब त्याच्या मुठीत होता, तलवार मोडलेली. "झोपेतसुद्धा सोडत नव्हता, भाऊ," त्या म्हणाल्या. तलवार खराट्याच्या हिराची असल्याने पाच मिनिटांत दुसरी बसली. पोराला आम्ही एक जिराफ द्यायला निघालो होतो, पण ते सगळे बालवाडीत गेलेले. शेवटी तारेचा उरलेला एक सांगाडा दिला, आणि रंगवून घेऊन ये म्हणून सांगितले.